कागद खरे, जमीन दुसरीच

रत्नागिरी जिल्ह्यात 30 गुंठे घेतले आणि 13,81,600 रुपये घालवून बसलो. गुंठ्याला 42,000 प्रमाणे 12,60,000, मुद्रांक-नोंदणी-वकील 96,400, वर एजंटाची दलाली 25,200. यातले चार लाख बायकोच्या फंडाचे. नातेवाइकांना अजून तोंड दाखवलेलं नाही.

मी डोळे मिटून गेलो नव्हतो. साताऱ्याकडची वडिलोपार्जित जमीन नावावर, त्यामुळे शेतकरी दाखल्याची अडचण नव्हती. दोन वर्षं पाच तालुके फिरलो. घरापुरतं भात, भाजी, दोन गाई यावर राहायचं तर पाणी, वाट, दवाखाना किती लांब, सगळं वहीत मांडलं. 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जुन्या मालकी नोंदींचा तपास, काढला. कूळ नाही, खाजगी वनाचा शेरा नाही, सामाईक हिस्सेदार नाहीत. हे सगळं खरंच निघालं. फक्त मला दाखवलेली जमीन कागदावरच्या गट नंबराची नव्हती.

दाखवली ऑगस्ट 2023 मध्ये. रस्त्याला लागून, हापूसची 14 कलमं, चिऱ्याची विहीर, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेने खळाळता पऱ्या (ओढा). त्या रात्री लॉजवर सातबारा नीट वाचला. 0.30 हेक्टरपैकी 0.23 पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारी. पिकाच्या रकान्यात गवतपड. ज्या झाडांना दुपारी हात लावून आलो, ती कागदावर नाहीतच! एजंटाला विचारलं. "काका, कोकणात पोटखराब सगळ्यांच्याच सातबाऱ्यावर. आणि पीकपाहणी ॲपवर भरत कोण बसतं?" मला पटलं. पटवून घेतलं, कारण जागा मनात भरली होती. तो सातबारा आजही झोपू देत नाही.

मोजणीचं काढलं तर म्हणे पावसात मोजणीवाले येत नाहीत, तोवर दुसरी पार्टी उचलेल. मोजणीआधी खरेदीखत करू नका. कितीही घाई लावू देत.

एप्रिलमध्ये मोजणी झाली. माझा गट निघाला वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारावर. जांभ्याचा उघडा कातळ, माती कुठे वीतभर, कुठे तीही नाही, जायला वाट नाही. खाली वाडीत टँकर चालू होता. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो त्या जिल्ह्यात! कोकणात जागा बघायची तर मे महिन्यात बघा, पहार घेऊन जा, आणि पाण्याचं एजंटाला नाही, डोक्यावर हंडा असलेल्या बाईला विचारा.

पोलीस म्हणाले, दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. नोंदणीवाले म्हणाले, आम्ही दस्त नोंदवतो, जमीन बघत नाही. तलाठी म्हणाले, फेरफार (मालकीबदलाची नोंद) तुमच्याच नावावर झालाय, तक्रार कसली? तहसीलला सात खेपा घातल्या, प्रत्येक वेळी ठाण्याहून रात्रीची गाडी. अर्जाची पोच मिळाली तिसऱ्या खेपेला. एका साहेबांनी तर सगळ्यांसमोर विचारलं, "शिकलेले दिसता, कळलं नाही?" शिकलेला आहे म्हणूनच तुमच्या शिक्क्याच्या कागदावर भरवसा ठेवला, साहेब!

खरेदीखतातल्या चतुःसीमा, म्हणजे चारी बाजूंच्या हद्दी, घेऊन जागेवर उभे राहा, शेजारच्या गटवाल्यांना गाठा. ते गावात नसतील तर येईपर्यंत थांबा. त्या विहिरीचा मालक मुंबईला असतो, घराला कुलूप, गणपतीला येतो. माझं खरेदीखत गणपतीच्या आठ दिवस आधी उरकलं होतं.