मूठ उघडू नका, असं सांगणाऱ्याकडून तलवार घेऊ नका

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मी ३४० डॉलर मोजून एक कताना, म्हणजे जपानी पद्धतीची तलवार, मागवली. ती हातात घेऊन मी दोजोमध्ये, म्हणजे आमच्या सरावाच्या जागी, पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा माझ्या समोर, सहा-सात फुटांवर, सतरा वर्षांची एक मुलगी सराव करत होती. दोन दिवसांनी त्या तलवारीच्या मुठीतून काय निघालं ते मी पाहिलं, आणि तेव्हापासून ती मुलगी रात्री-अपरात्री माझ्या डोळ्यांपुढे येते. परवडणाऱ्या किमतीतली कताना घ्यायचं मनात असणारी आपली बरीच मुलं आहेत. त्यांनी घेण्याआधी हे वाचावं म्हणून सगळं लिहून काढतोय.

मी अमेरिकेत ओहायोत राहतो, तीन वर्षं इआइदो शिकतो आहे. इआइदो म्हणजे तलवार म्यानातून काढणं, वार करणं आणि परत म्यान करणं, याची शिस्त. सरावाला जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, धार नसलेली तलवार असते. काही वर्षांनी भिजवलेल्या चटईच्या गुंडाळ्या कापायचा सराव सुरू होतो, त्याला मात्र खरी धार लागते. आमच्या सेन्सेईंनी, म्हणजे गुरूंनी, सांगितलं होतं, "तीनशे-चारशे डॉलरमध्ये कामाची तलवार मिळते. घाई करू नकोस, घेण्याआधी मला दाखव." मी दाखवली नाही. सवलत त्या रात्री बारा वाजता संपणार होती. ८९९ वर काट मारून खाली ३४० लिहिलेले होते आणि शेजारी सेकंद उलटे पळत होते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. परवडणारी कताना म्हणजे जपानमध्ये घडवलेली तलवार नव्हे. तिथे परवानाधारक लोहार तामाहागाने नावाच्या पोलादापासून तलवार घडवतो, महिन्याला दोनच लांब तलवारी करायची त्याला मुभा असते आणि किंमत हजारो डॉलरमध्ये जाते. आपल्याला जे मिळतं ते बहुतेक चीनच्या चच्यांग प्रांतातल्या लोंगच्वान गावाहून येतं. हे गाव पिढ्यान् पिढ्या तलवारींसाठी प्रसिद्ध आहे आणि तिथे उत्तम कारागीर आहेत. आमच्याच दोजोत तिथल्या दोन तलवारी सहा-सात वर्षं रोज वापरात आहेत. त्यामुळे 'चिनी म्हणजे टाकाऊ' असं म्हणणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. त्याच गावातून चांगला माल निघतो आणि वाईटही. कोणता कुठला हे बाहेरून कळत नाही, आणि फसवणूक नेमकी तिथेच होते.

माझ्या विक्रेत्याचं नाव जपानी होतं, पानावर फुजी पर्वत होता. माहितीत लिहिलं होतं: टी-१० पोलाद, मातीचा लेप देऊन पाणी पाजलेलं, पूर्ण लांबीचा नाकागो (पात्याचा मुठीत जाणारा भाग), शिवाय हजारो वेळा घडी घातलेलं. हे शेवटचं वाचूनच मी थांबायला हवं होतं. पोलादाला दहा वेळा घडी घातली की एक हजार चोवीस थर होतात, हजारो घड्या कोणी घालत नाही. आणि जुन्या लोहारांनी घड्या घातल्या त्या भट्टीतून निघालेलं पोलाद एकसारखं नसायचं म्हणून: त्यातली मळी निघावी, कार्बन सगळीकडे सारखा पसरावा म्हणून. आजच्या कारखान्यातल्या पोलादाला त्याची गरजच नाही. तिथे घड्या घातल्या तर त्या नक्षीसाठी, आणि प्रत्येक घडीत सांधा कच्चा राहायची भीती. साध्या पोलादाचे आकडे वाचायला सोपे आहेत. १०४५, १०६०, १०९५ यांतले शेवटचे दोन अंक कार्बन सांगतात: ०.४५, ०.६०, ०.९५ टक्के. टी-१० मध्ये तो साधारण एक टक्का असतो. नवशिक्याने १०६० घेतलं तरी पुष्कळ. चुकीचा कोन बसला तर ते वाकेल, पण सहसा तुटणार नाही.

तलवारीसोबत लाल शिक्का मारलेलं 'अस्सलपणाचं प्रमाणपत्र' आलं. जपानमध्ये तलवारीची नोंद प्रांताचं शिक्षण मंडळ करतं, आणि तलवार देशाबाहेर जाताना ते नोंदपत्र परत द्यावं लागतं. चीनमध्ये बनलेल्या नव्या पात्याला असलं काही मिळूच शकत नाही. तो कागद छापखान्यातला होता.

आणि त्याच्याबरोबर आणखी एक छोटी चिठ्ठी होती. 'मूठ उघडू नये. उघडल्यास हमी रद्द होईल.' ती वाचून मला काहीच खटकलं नाही, आणि त्याचं कारण माझ्या घरात आहे.

आमच्या साताऱ्याच्या घरी आजोबांच्या वेळची एक तलवार आहे. खंडेनवमीला ती बाहेर निघते, पुसतात, हळदकुंकू वाहतात, झेंडूचं फूल ठेवतात आणि परत माळ्यावर. तिची मूठ कोणी कधी उघडली नाही. उघडायची नसतेच. आपल्याकडच्या तलवारीचं पातं मुठीत थोडंसंच शिरतं. मूठ लोखंडाची, आत गरम लाख ओतलेली, लाख थंड झाली की पातं घट्ट. ती बांधणी शतकानुशतकं लढायांत टिकलेली आहे. लहानपणापासून तेच पाहिल्यामुळे मूठ आणि पातं म्हणजे एकच वस्तू, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं.

कतानाचं तसं नाही. तिची मूठ लाकडाची असते, वर माशाचं खरखरीत कातडं आणि त्यावर फीत. त्या लाकडात पात्याचा बिनधारेचा भाग, नाकागो, मुठीच्या निदान दोन-तृतीयांश लांबीपर्यंत आत जायला हवा. त्याला धरून ठेवते ती बांबूची एक बारीक खुंटी, मेकुगी. कुठे एक असते, कुठे दोन. ही खुंटी काढून पाहणं, झिजली असेल तर बदलणं, पातं तेलाने पुसून पुन्हा बसवणं हे जपानमध्ये तलवार वापरणाऱ्या प्रत्येकाचं नेहमीचं काम आहे. म्हणजे कतानाची मूठ मुळात उघडण्यासाठीच बनवलेली असते. विक्रेत्याला हे ठाऊक होतं, मला नव्हतं.

घरी मी माझ्या परीने तपासणी केली. कागद हवेत धरून कापला, सरळ कापला गेला. पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या कापल्या. चुंबक लावला, चिकटला, म्हणजे स्टेनलेस नाही असं समजून खूश झालो. यातल्या एकाही गोष्टीला अर्थ नाही. कागद फक्त धार दाखवतो, आणि धार कोणत्याही पोलादाला लावता येते. शोभेच्या तलवारींना जे ४२० किंवा ४४० जातीचं स्टेनलेस वापरतात, त्यालाही चुंबक चिकटतो. पाचव्या दिवशी विक्रेत्याचा निरोप आला: चांगला अभिप्राय लिहा, वीस डॉलर परत देतो. मी लिहिला. पाच तारे दिले, दोन फोटो जोडले. हे मी का केलं याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

मग तो शनिवार. मी हवेत दहा-बारा वार केले असतील. प्रत्येक वाराच्या शेवटी तळव्याला एक बारीक टक जाणवत होती, दार चौकटीत नीट बसलं नसलं की जाणवते तशी. मला वाटलं, माझी पकड ढिली आहे. सेन्सेई खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते. तिथून त्यांनी आवाज ऐकला आणि हात वर केला. सगळे थांबले. त्यांनी तलवार घेतली, अंगठ्याने मुठीवरची फीत दाबली, ती सरकली. मग मुठीवर उघड्या तळव्याने हलकी थाप मारून कान लावला.

"मूठ काढून पाहिलीस?"

"नाही. काढली तर हमी जाते, असं त्यांनी लिहिलंय."

ते काही क्षण माझ्याकडे पाहत राहिले. मग तलवार म्यान करून त्यांनी ती स्वतःच्या पिशवीत ठेवली. "ज्या तलवारीची मूठ उघडत नाही ती या खोलीत कोणी उपसायची नाही," एवढंच बोलले आणि त्या मुलीला भिंतीकडे सरकायला सांगितलं.

सोमवारी संध्याकाळी त्यांच्या गॅरेजमध्ये आम्ही ती उघडली. चांगल्या तलवारीची मूठ कशी निघते ते आधी त्यांनी स्वतःच्या तलवारीवर दाखवलं. लहानशा पितळी हातोडीने खुंटी बारीक बाजूकडून ठोकायची. मग डाव्या हाताने मुठीचं टोक धरायचं, पातं वर तिरकं ठेवायचं आणि उजव्या हाताने डाव्या मनगटावर एक ठोसा. नाकागो आपोआप सुटा होतो. सगळं मिळून मिनिटभराचं काम. माझी खुंटी ठोकून हलेना. ती डिंकाने चिकटवली होती, आणि बांबूची नसून मऊ लाकडाची होती. ड्रिलने काढावी लागली. मुठीवर दोन खुंट्या दिसत होत्या. दुसरी काढली तर तिचं भोक पोलादातून गेलेलंच नव्हतं. ती नुसत्या लाकडात बसवलेली, बाहेरून दिसण्यापुरती.

शेवटी मूठ चिरली. सत्तावीस सेंटीमीटरच्या मुठीत नाकागो होता चार बोटांचा. त्याच्या पुढे पेन्सिलीएवढा धातूचा एक गज जोडलेला, वेल्डिंग करून. जोडाच्या बाजूने केसाएवढी भेग गेलेली होती. आतलं लाकूड उभं फाटलेलं. तळव्याला लागणारी टक तीच होती. सेन्सेईंनी तो जोड चिमटीत धरून दोन वेळा वाकवला. तिसऱ्या वेळी पातं एकीकडे आणि गज दुसरीकडे. सत्तर सेंटीमीटरचं, कागद कापणारं पातं त्या जोडावर माझ्या हातात फिरत होतं.

मी खुर्चीवर बसलो आणि बराच वेळ काही बोललो नाही.

मग हामोनची पाळी. कतानाच्या धारेजवळ ढगासारखी जी पांढुरकी लहर दिसते ती हामोन. पात्याच्या पाठीवर मातीचा जाड लेप, धारेवर पातळ, मग तापवून पाण्यात बुडवायचं. धार झटकन थंड होऊन कडक होते, पाठ मऊ राहते आणि दोन्हींच्या सीमेवर ही रेषा उमटते. आपल्याकडचे लोहार कोयत्याला पाणी पाजतात तेव्हा पोलादात जे घडतं तेच इथे. माझ्या पात्यावरची लहर फार सुंदर होती, एकसारखी, शिंप्याने टाचल्यासारखी. सेन्सेईंनी धातू चमकवायची पेस्ट फडक्यावर घेऊन इंचभर जागा घासली. लहर गेली. खाली कोरं पोलाद. खऱ्या हामोनलाही उठाव यावा म्हणून आम्ल लावतात, त्यामुळे घासल्यावर तीही फिकी पडते, पण दिव्याखाली पातं तिरकं केलं की रेषा पुन्हा सापडते. माझ्यात सापडायला काही नव्हतं. मग त्यांनी धारेवर कानस ठेवली. कडक धारेवर कानस काचेवरून घसरावी तशी घसरते. इथे ती चावली, चुरा पडला.

विक्रेत्याला मी सगळे फोटो पाठवले. उत्तर एका ओळीचं होतं: मूठ उघडल्यामुळे हमी रद्द. पुन्हा लिहिलं तर पंधरा टक्के परत देऊ म्हणाले. बँकेत तक्रार केली. विक्रेत्याने बँकेला माझाच पाच ताऱ्यांचा अभिप्राय पाठवला, फोटोंसकट. तक्रार फेटाळली गेली. तेव्हा कोणी अभिप्रायाच्या बदल्यात पैसे देऊ केले तर घेऊ नका. ते वीस डॉलर तुमच्याच विरुद्धच्या पुराव्याची किंमत असते.

आता घेणाऱ्यांसाठी. पैसे देण्याआधी विक्रेत्याकडे मूठ काढलेल्या, त्याच तलवारीच्या नाकागोचा फोटो मागा, शेजारी मोजपट्टी ठेवून. जो चांगला आहे तो दिवसभरात पाठवतो. मी पुढच्या तलवारीच्या वेळी चौघांना लिहिलं, दोघांनी पाठवला, एकाने विषय बदलला, एकाने उत्तरच दिलं नाही. तलवार आली की पहिलं काम खुंटी काढणं, कागद कापणं नव्हे. म्यान उलटं धरल्यावर तलवार आपली आपण बाहेर सरकता कामा नये, आणि हलवल्यावर आत खडखडता कामा नये. मुठीची फीत अंगठ्याने रेटून सरकली तर परत पाठवा. महाराष्ट्रात राहून मागवणाऱ्यांना एवढंच सांगतो की तलवार शस्त्र कायद्याखाली येते, आधी पोलीस ठाण्यात विचारा. आणि शंका असेल तोवर ती फिरवू नका, रिकाम्या अंगणातसुद्धा नाही.

माझा अभिप्राय काढून टाका, असं मी त्या दुकानाला तीन वेळा लिहिलं. तो अजून तिथेच आहे. त्याच्याखाली एकाने विचारलं होतं, 'मीही हीच घेतली, कापायला वापरू का?' त्याला मी लगेच लिहिलं: वापरू नकोस, आधी मुठीच्या टोकाकडची दुसरी खुंटी ठोकून बघ, आणि काय दिसतं ते मला कळव.

चार दिवसांनी त्याचं उत्तर आलं. खुंटी निघाली होती. भोकातून त्याने टॉर्च मारला होता आणि आत फक्त लाकूड दिसलं होतं.