१,२८० चा चेन सेट मला ६,९९० ला पडला

आधी हिशोबच मांडतो, कारण ज्याला सांगावं तो पहिले हसतो आणि मग विचारतो, "किती गेले?" बाईकचा डुप्लिकेट चेन सेट (चेन आणि पुढची-मागची दातेरी चकती) १,२८०. नागपूरजवळ खापरीपाशी बंद पडलेली गाडी घरी आणायला छोटा हत्ती ६००. इंजिनच्या केसिंगला गेलेल्या तड्याचं आर्गन वेल्डिंग १,२००. सील ९०, ऑईल ३८०, मेकॅनिकची मजुरी १,८५०. आणि शेवटी पक्क्या बिलावर घेतलेला खरा सेट १,५९०. एकूण ६,९९०. यातले शेवटचे १,५९० तसेही लागणारच होते, असं बायकोचं म्हणणं. तिच्याशी मी वाद घातलेला नाही.

दुसरी गोष्ट, "घरी लावली म्हणून असं झालं" हे वाक्य मला आता कुणी ऐकवू नये. दुकानदाराने ऐकवलं, मेकॅनिकने ऐकवलं, ठाण्यातल्या जमादारानेसुद्धा ऐकवलं, ज्याला चेनलॉक (चेनची दोन टोकं जोडणारी क्लिप) म्हणजे काय हे माहीत नव्हतं. प्लग, ब्रेक शू, क्लच केबल, ऑईल ही सगळी कामं मी वर्षानुवर्षं घरीच करतो. चेन सेट याआधीही बदललेला आहे आणि तो हजारो किलोमीटर बिनतक्रार चालला. खोट पार्टमध्ये होती, हातात नव्हती. पण घरी काम करणाऱ्याला साक्षीदार नसतो, आणि डुप्लिकेट माल विकणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

माझी गाडी दीडशे सीसीची, चेन ४२८ नंबरची. रोज बुटीबोरीला जाणं-येणं, त्यात वर्धा रोडची धूळ आणि ट्रकांच्या मागे उडणारी रेती. जुनी चेन मागच्या चकतीच्या अगदी मागच्या टोकाला धरून ओढली की अर्धा दात उघडा दिसायचा. मापाने बघायचं तर ४२८ च्या एका कडीचं अंतर १२.७ मिलिमीटर, म्हणजे चाळीस कड्या ५०८ मिलिमीटर भरायला हव्यात. माझ्या त्याच्या बऱ्याच पुढे गेल्या होत्या. चेन ताणायचे अॅडजस्टर शेवटच्या खुणेला टेकलेले, दात एका बाजूला वाकलेले. अशा वेळी नुसती चेन बदलून भागत नाही, पुढची-मागची चकती आणि चेन तिन्ही एकदम बदलावी लागतात.

शोरूममध्ये विचारलं तर म्हणे सुटा पार्ट देत नाही, गाडी लावा, लेबर ४५०. जे काम मी स्वतः करतो त्याचे ४५० का द्यायचे? म्हणून स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही, वकिलाने तसं सांगितलंय. मोठं दुकान आहे, गिऱ्हाईक भरपूर, भिंतीवर कंपन्यांचे बोर्ड.

आता यांची खरी कला बघा. मी काही बोलायच्या आधी त्यानेच विचारलं, "भाऊ, ओरिजिनल दाखवू का लोकल? लोकल साडेसातशेत देतो, पण मी तुमाले खोटं नाही बोलनार, सहा महिने बी नाही टिकनार." जो माणूस स्वतःच्याच मालाला नावं ठेवतो त्याच्यावर संशय कोण घेईल? मी म्हटलं, ओरिजिनलच द्या. त्याने आतून खोकं आणलं. नावाजलेल्या कंपनीचं, चकचकीत होलोग्राम लावलेलं, छापील किंमत १,६५०. "तुमच्यासाठी १,२८०."

मी बिल मागितलं. आणि इथेच, याच जागी, माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती.

"बिल पाहिजे असन तर जीएसटी वेगळा लागन भाऊ."

खोकं माझ्याच हातात होतं. त्यावर किंमतीच्या खाली लिहिलेलं होतं, सर्व करांसहित. माझा अंगठा त्या ओळीपासून बोटभर अंतरावर होता. एमआरपीत कर आलेलाच असतो हे मला माहीत आहे, शाळकरी पोराला माहीत आहे. वेगळा जीएसटी मागणारा दुकानदार एकच गोष्ट सांगत असतो, की हा माल त्याच्या वहीत कुठेच नाही. रात्री झोप येत नाही तेव्हा मला ते वाक्य त्याच्याच आवाजात ऐकू येतं. पण नागपुरातली मे महिन्यातली दुपार, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, मागे चार गिऱ्हाइकं उभी, आणि समोरचा माणूस इतका वेळ आपल्याशी "खरं" बोललेला. तुम्ही तिथे काय केलं असतं ते मला सांगू नका. क्यूआर स्कॅन केला तर दुकानाचं नाव नाही, एका बाईचं नाव आलं. "घरचंच खातं हाय." मी पैसे पाठवले.

(क्यूआरवर दुकानाऐवजी भलतंच नाव दिसलं तर पैसे पाठवूच नका. आणि पाठवलेच तर तिथल्या तिथे स्क्रीनशॉट काढा, माझ्याकडे पुरावा म्हणून आज तेवढंच आहे.)

रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत काम काढलं. जुनी चेन जागेवर असतानाच, गाडी गिअरमध्ये ठेवून आणि ब्रेक दाबून, पुढच्या चकतीच्या पट्टीचे दहाच्या पान्याचे बोल्ट ढिले केले, मग लॉक काढून चेन उतरवली, मागचं चाक काढलं. दोन्ही चकत्यांचे दात जुन्याशी मोजून पाहिले, बरोबर. मागची चकती मात्र चाकाच्या हबवर बसेना. चारपैकी तीन स्टडवर (बोल्टच्या खुंट्यांवर) गेली, चौथ्याला अडली. खरी चकती हाताने बसते, तिला हातोडा लागत नाही. मी लाकडाचा ठोकळा ठेवून ठोकली. नव्या पार्टला थोडी धार असते, असं मनाशी म्हटलं, आणि हे काही मूर्खपणाचं नव्हतं, कधी कधी खरोखर असते.

चेन हातात घेतली तर कोरडी. कंपनीची चेन खोक्यातून निघते तेव्हा हाताला चिकट ग्रीस लागतं. शिवाय कड्यांच्या पट्ट्यांवर कंपनीचं नाव आणि नंबर ठोकलेला असतो. इथे काही कड्यांवर काहीतरी उमटलं होतं, तेही एका अक्षराच्या जागी नुसता खड्डा. बाकीच्या कड्या कोऱ्या.

मग चेनची ढील (मधोमध ती वर-खाली किती हलते ते) बघायला चाक फिरवलं. एका जागी २० मिलिमीटर, आणि अर्धा फेरा फिरवला की ४५. याचा अर्थ सरळ आहे. चकतीचं भोक मधोमध नव्हतं, ती लंबगोल फिरत होती. जिथे चेन सगळ्यात ताठ होते तिथे माप धरून मी अॅडजस्ट केलं, नियमाप्रमाणेच. लॉकची बंद बाजू चेन जाते त्या दिशेला ठेवली, त्याचा फोटो माझ्याकडे तारखेसकट आहे. ज्यांना "लॉक उलटं लावलं असेल" म्हणायचं आहे त्यांनी आधी तो फोटो बघावा. दुकानात फोन केला तर उत्तर, "नवी चेन हाय भाऊ, दोनशे किलोमीटर चालवा, आपोआप सेट होते."

सेट झाली ती अशी. पावसाळ्याच्या सुरुवातीपासून खडखड, दर आठवड्याला ढील, आणि एक दिवस संध्याकाळी परतताना खापरीच्या अलीकडे लॉक उडालं. चेन पुढच्या चकतीवर गोळा झाली, मागचं चाक क्षणभर जाम झालं, गाडी आडवी व्हायची राहिली. मागून ट्रक येत होता. त्याने ब्रेक मारला म्हणून हे लिहितोय. चेनने आतून धडक दिली आणि केसिंग तडकलं, ऑईल रस्त्यावर.

शेजारचे काका अंबाझरीच्या आयुध निर्माणीतून टर्नर म्हणून निवृत्त झालेत. त्यांनी माझी जुनी, पार झिजलेली चकती आणि ही "नवी" चकती ओट्यावर शेजारी ठेवली आणि कानस घेतली. जुन्या चकतीच्या दातावर कानस नुसती घसरत गेली, काचेवरून जावी तशी, एक ओरखडा नाही. नव्या चकतीच्या दाताला कानस लागताच कीस पडला. चकचकीत, मऊ कीस, काकांच्या बोटावर. "याले आच दाखोलीच नाही बाप्पा," ते म्हणाले. म्हणजे दात कडक करायची जी उष्णतेची प्रक्रिया असते ती केलेलीच नाही, साधा पत्रा कापून वर मुलामा. चेन सेट विकत घेताना कानस घेऊन जा असं म्हणत नाही, पण घरी आणल्यावर दाताच्या कडेला एकदा कानस लावून बघायला दोन मिनिटं लागतात. लावायच्या आधी बघा.

आता सरकारी आणि बिनसरकारी यंत्रणांकडे येतो, कारण पैशांपेक्षा जास्त चीड मला त्यांचीच आली आहे.

दुकानदार: "हा माल आमचा नाहीच. बिल दाखवा." यूपीआयची नोंद दाखवली तर "ते तर बाईच्या खात्यात हाय, उसने दिले असन तुम्ही." आणि वर, "घरी लावली ना? मंग आमच्यावर कायले ढकलता?"

कंपनीचं ग्राहक सेवा केंद्र: आमच्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतला नसेल तर आम्ही काही करू शकत नाही. अहो, तुमच्या नावाचा खोटा माल भर बाजारात विकला जातोय! फोटो मागवले, पाठवले. आभार मानणारा मेल आला. पुढे चिडीचूप.

पोलीस ठाणे: "बाराशे रुपयांसाठी?" बाराशे ऐंशी, मी म्हटलं. "कुणी जखमी झालं?" नाही. "मग?" या "मग?"चं उत्तर मला अजून सुचलेलं नाही. ट्रकने चिरडलं असतं तर माझी तक्रार घेतली असती, असा त्याचा अर्थ मी लावला. मग दुकान एका ठाण्याच्या हद्दीत, गाडी बंद पडली ती दुसऱ्या, म्हणून तिकडे जा. तिकडचे म्हणाले हा दिवाणी मामला आहे. दिवाणी कसा? ट्रेड मार्क्स कायदा, १९९९. त्यात खोट्या चिन्हाचा माल विकणाऱ्यासाठी कलम १०४ आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. मी कागदावर लिहून नेलं होतं. साहेबांनी कागद बघितला आणि म्हणाले, कंपनीला तक्रार करायला सांगा. कंपनी म्हणते पोलिसांकडे जा. घरी येऊन पुढचं वाचलं तर त्याच कायद्याच्या कलम ११५ नुसार झडती-जप्ती करायला उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी लागतो आणि आधी ट्रेड मार्कच्या निबंधकाचं मत घ्यावं लागतं. म्हणजे कायदाही असा केलाय की हवालदाराला हात झटकायला जागा राहावी. पण निदान लेखी अर्ज घेऊन पोच तरी द्या! तीही मिळाली ती मी बाकावर ठिय्या देऊन बसलो तेव्हा.

आणि कळस म्हणजे पॅकिंगवरच्या किंमती-वजनाचं बघणारं सरकारी कार्यालय. खोक्यावर उत्पादकाचा पूर्ण पत्ता नाही, महिना-वर्ष नाही, ग्राहक तक्रारीचा नंबर नाही, हे सगळं छापणं सक्तीचं असतं. मी खोकं टेबलावर ठेवलं. टेबलामागच्या गृहस्थांनी ते फिरवून फिरवून पाहिलं. "एमआरपी १,६५०. तुम्ही किती दिले?" १,२८०. "मग कमीच घेतले ना त्याने!" आणि चहा मागवला. स्वतःसाठी.

आता उरलं ग्राहक आयोगाचं. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षांची. माझी तक्रार तयार आहे. यूपीआयची नोंद, लॉकचा फोटो, दुकानदाराशी झालेल्या फोनचं रेकॉर्डिंग, वेल्डिंगवाल्याची पावती, काकांचा लेखी जबाब. काका तर यायलाच तयार आहेत, कानस घेऊन.

चेन सेट घेणाऱ्यांनो, बिल नाही तर माल नाही, दुकानदार सख्खा मावसभाऊ असला तरी. चेनच्या कड्यांवरचं ठोकलेलं नाव नखाने चाचपा. चाक फिरवून ढील दोन-तीन जागी मोजा, फरक मोठा आला तर गाडी रस्त्यावर काढू नका, आणि "आपोआप सेट होते" हे ऐकलं की सेट उतरवून परत न्या. ठोकून बसवावी लागलेली चकतीही परत न्या. मजुरी वाचवायला घरी करताय तर नक्की करा, पण जुने पार्ट खरा सेट नीट चालेपर्यंत फेकू नका, माझी कानशीची परीक्षा त्याच्याचमुळे झाली. आणि खऱ्या पार्टची रिकामी खोकी भंगारवाल्याला अख्खी देऊ नका, त्यांत खोटा माल भरला जाऊ शकतो. होलोग्राम खरवडून, खोकं उभं-आडवं फाडून मगच द्या.