क्रिएटिव्हिटी एक्सप्लोर्ड, सॅन फ्रान्सिस्को: चित्रं बघायला जा, पण वाचायला वेळ ठेवून जा

बे एरियात राहणाऱ्या आणि मुलांकडे सहा महिने येणाऱ्या सगळ्या मराठी मंडळींसाठी हा रिव्ह्यू लिहितेय, कारण गोल्डन गेट, पिअर ३९ आणि आउटलेट मॉल झाला की आपल्याकडे सॅन फ्रान्सिस्को संपलं असं धरतात आणि ही जागा, म्हणजे डिसॅबिलिटी असलेल्या आर्टिस्टांचा स्टुडिओ आणि गॅलरी, कुणाच्याच यादीत नसते. पत्ता ३२४५, सिक्स्टीन्थ स्ट्रीट, मिशन भाग. बार्ट म्हणजे इथल्या लोकल ट्रेनने सिक्स्टीन्थ स्ट्रीट मिशन स्टेशनला उतरायचं आणि डोलोरेसच्या दिशेने सरळ चालत जायचं, गाडी शक्यतो आणूच नका, पार्किंग शोधण्यात अर्धा दिवस जाईल. पुढे गॅलरी आणि दुकान, मागे स्टुडिओ.

स्टुडिओत काम करणारे सगळे प्रौढ आर्टिस्ट आहेत आणि सगळ्यांना काही ना काही डेव्हलपमेंटल डिसॅबिलिटी आहे, म्हणजे कुणाला ऑटिझम, कुणाला डाउन सिंड्रोम, कुणी आपण ज्याला गतिमंद म्हणतो तसं. इथे हात धरून "असं काढ" म्हणून कुणी शिकवत बसत नाही. शिकवणारे स्वतः आर्टिस्ट असतात, ते कागद देतात, रंग देतात, अडलं तर मदत करतात, बाकी काय काढायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. फ्लॉरेन्स लुडिन्स-कॅट्झ आणि एलायस कॅट्झ या जोडप्याने ही संस्था १९८३ मध्ये सुरू केली, ती आर्टिस्ट आणि तो सायकॉलॉजिस्ट. त्याआधी १९७४ मध्ये ओकलंडचं क्रिएटिव्ह ग्रोथ आणि १९८२ मध्ये रिचमंडचं नायॅड हीसुद्धा त्यांनीच उभी केलेली. त्या काळात कॅलिफोर्नियात मोठमोठ्या सरकारी हॉस्पिटलांतून अशा लोकांना बाहेर आणत होते, पण बाहेर आल्यावर दिवसभर करायचं काय याचं उत्तर फारसं कुणाकडे नव्हतं, या दोघांनी स्टुडिओ हे उत्तर काढलं.

आता ज्यांच्यासाठी मी पुन्हा पुन्हा जाते त्या कमील होल्व्होएट. जन्म १९५२चा, सॅन फ्रान्सिस्कोच्याच, आणि २००१ पासून इथे काम करतायत. ऑइल पेस्टल, म्हणजे तेलकट रंगीत खडू, हे त्यांचं माध्यम आणि ते त्या असं दाबून, थरावर थर देऊन वापरतात की कागद दिसतच नाही, नुसता रंग, गुलाबी, केशरी, झगझगीत निळा, तोही एकमेकाला चिकटून. विषय ठरलेले, केक, पेस्ट्र्या, त्यावर क्रीम आणि चेरी, आकाशपाळणे, तिरळे डोळे. लांबून बघितलं तर लहान मुलाच्या वाढदिवसासारखं आनंदी वाटतं आणि बरेच लोक तेवढ्यावर "सो क्यूट" म्हणून पुढे जातात, मला याचा खरंच त्रास होतो, कारण चित्रात अक्षरं आहेत आणि ती वाचायची आहेत.

चित्रांत त्या काय काय लिहितात, तर काय खावंसं वाटतं, कशाची मनाई आहे, कशाची भीती वाटते, जुनी कुठली गोष्ट अजून मनातून जात नाही, हे सगळं, आडपडदा न ठेवता. आणि मग तो केक वेगळाच दिसायला लागतो, कारण इथे गोड म्हणजे नुसतं गोड नाही, जे हवंय पण मिळत नाही ते सगळं त्या क्रीमच्या थरात आहे. खायचं काय, जायचं कुठे, झोपायचं कधी, हे जिच्या बाबतीत आयुष्यभर दुसरेच ठरवतात अशा बाईने मला हे पाहिजे असं भल्यामोठ्या रंगीत अक्षरांत कागदावर लिहायचं, याचं वजन मला फार वाटतं. आपल्या घरांमध्ये अशा व्यक्तीबद्दल बोलणारे ढीगभर असतात, आई बोलते, डॉक्टर बोलतात, शेजारच्या काकू तर बोलतातच, ती स्वतः काय म्हणते हे ऐकायला कोण थांबतं सांगा. माझ्या आत्तेबहिणीला मी लहानपणापासून बघतेय, पुण्यात असते, तिला विचारलेला प्रश्न आत्याच उत्तर देऊन संपवते, प्रेमानेच, पण संपवते.

एक सांगायचं म्हणजे अक्षरं रंगापासून वेगळी काढता येत नाहीत. वर छान चित्र आणि खाली मजकूर अशी ही गोष्ट नाही, अक्षरालाही तोच दाब, तोच जाड पेस्टल, त्यामुळे शब्द वाचायच्या आधी त्याचा रंग लागतो. स्पेलिंगकडे बघू नका प्लीज, तिथे उभं राहून मुलांना चुका दाखवणारे पालक मी पाहिलेत.

याच स्टुडिओतले जॉन पॅट्रिक मॅकेन्झी पण शब्दांचंच काम करतात, त्यांच्या अक्षरांतल्या बंद जागा, म्हणजे ओ किंवा ए च्या पोटातली जागा, भरून टाकलेली असते आणि नावांच्या याद्यांच्या याद्या असतात. ओकलंडच्या क्रिएटिव्ह ग्रोथमधले डॅन मिलर शब्दावर शब्द इतके लिहितात की शेवटी जाळं होतं, वाचताच येत नाही, त्यांचं काम न्यूयॉर्कच्या मोमा या मॉडर्न आर्टच्या म्युझियममध्ये आहे आणि २०१७ च्या व्हेनिस बिएनाले या मोठ्या आंतरराष्ट्रीय कला प्रदर्शनात पण होतं. दोघंही जबरदस्त. पण मॅकेन्झींकडे मी अक्षराच्या आकारासाठी बघते आणि मिलरकडे त्या गर्दीसाठी, कमीलबाई मात्र थेट माझ्याशी बोलतात म्हणून मला त्या जास्त जवळच्या. हे माझं मत, तुम्हाला उलटं वाटेल.

खरेदीबद्दल. कार्ड वगैरे छोट्या वस्तू आहेत, पण बजेट असेल तर ओरिजिनलच बघा, मोठ्या गॅलऱ्यांच्या मानाने किमती खूपच आवाक्यात आहेत. चित्र विकलं की अर्धे पैसे थेट आर्टिस्टला जातात, आणि चित्राशेजारी आर्टिस्टचं पूर्ण नाव असतं, ही गोष्ट मला सगळ्यात आवडली. आपल्याकडे दिवाळीच्या आधी अशा मुलांच्या कार्यशाळांचे स्टॉल लागतात, पणत्या, कागदी पिशव्या, उटणं, आणि आपण कौतुकाने घेतो, घ्यायलाच पाहिजे, पण पणती कुणी रंगवली ते कधी लिहिलेलं नसतं आणि आपण विचारतही नाही, संस्थेला मदत झाली म्हणून बरं वाटतं आणि संपलं. माझ्या आत्तेबहिणीच्या पणत्यांचं रंगकाम मी शंभर पणत्यांतून ओळखेन, त्यावर तिचं नाव का नसावं? म्हणून इथे जाल तेव्हा कीव म्हणून काही घेऊ नका, चित्र आवडलं नाही तर सरळ सोडून द्या, सगळीच चित्रं सारखी नसतात. कमीलबाईंची काही चित्रं मलाही जरा घाईत केल्यासारखी वाटली, ती मी घेतली नाहीत. जे घेतलं ते केकचं आहे, माझ्या जेवणाच्या टेबलासमोर लावलंय आणि आलेला प्रत्येक पाहुणा आधी हसतो, मग वाचतो, मग गप्प होतो.

फ्रेमचं मात्र नीट लक्षात ठेवा. ऑइल पेस्टल कधीच पूर्ण वाळत नाही, त्यामुळे काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये फट राहील असा माउंट (पुठ्ठ्याची चौकट) किंवा स्पेसर (पट्टी) पाहिजेच. आमच्या भागातल्या एका फ्रेमवाल्याने काच सरळ वर बसवून दिली आणि कोपऱ्यातला गुलाबी रंग काचेला लागला, सगळं उघडून दुसरीकडून करून घ्यावं लागलं, पैसे गेले ते गेलेच. बोट लावून बघायचा मोह टाळा, ऊन येतं त्या भिंतीवर लावू नका, आणि भारतात न्यायचं असेल तर गुंडाळी करून बॅगेत अजिबात नको, सपाट, दोन पुठ्ठ्यांमध्ये, वर गुळगुळीत ग्लासिन कागद ठेवून न्या.

जायच्या आधी गॅलरीच्या वेळा वेबसाइटवर बघून घ्या. लहान मुलांना जरूर न्या, मुलं आकाशपाळण्यासमोर पटकन बसकण मारतात आणि मोठ्यांपेक्षा आधी वाचायला लागतात. आर्टिस्ट काम करत असतील तर न विचारता त्यांचे फोटो काढू नका आणि बोलायचं असेल तर त्यांच्याशीच बोला, शेजारच्या स्टाफकडे बघून "शी लाइक्स पेंटिंग?" असं नको. ज्यांना यायला जमणार नाही त्यांच्यासाठी ऑनलाइन दुकान आहे, पण स्क्रीनवर पेस्टलचा तो जाड थर कळत नाही, निदान एकदा तरी प्रत्यक्ष बघा. मी आता आकाशपाळण्याच्या चित्रासाठी पैसे बाजूला टाकतेय, आत्तेबहीण इकडे येणार आहे तेव्हा तिला घेऊन जाणार आणि कुठलं घ्यायचं ते तीच ठरवणार.