भाड्याच्या फ्लॅटसाठी ओव्हरड्राफ्ट गृहकर्ज : कोणाला परवडते, कोणाला नाही

भाड्याचे उत्पन्न वर्षभर सारखे येत नाही, हप्ता मात्र ठरल्या तारखेला खात्यातून जातोच. म्हणून हडपसरच्या फ्लॅटसाठी मी नेहमीच्या गृहकर्जाऐवजी ओव्हरड्राफ्ट पद्धतीचे कर्ज घेतले. स्टेट बँकेचे मॅक्सगेन हे या प्रकारातले परिचित नाव. माझे कर्ज दुसऱ्या एका बँकेचे आहे. हाती असलेली जादा रक्कम कर्जखात्यात भरली की तेवढ्या रकमेवरचे व्याज थांबते आणि गरज पडेल तेव्हा ती काढूनही घेता येते.

या सोयीसाठी व्याजदर थोडा चढा असतो, त्यामुळे हिशेब आधी मांडावा. ४० लाखांच्या कर्जाला साधा दर ८.२५ टक्के आणि ओव्हरड्राफ्टचा ८.५० टक्के धरला, तर खात्यात सरासरी १ लाख १८ हजार रुपये पडून असतील तेव्हा कुठे दोन्ही कर्जे सारखी पडतात. ४ लाख ठेवता आले, तर वर्षाला २४ हजार वाचतात. एवढी शिल्लक ज्यांच्याकडे राहणार नाही, त्यांनी साधे कर्ज घेऊन जमेल तसे मुद्दल फेडावे, कारण बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड आकारायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

मला खरा उपयोग झाला तो अनामत रकमेसाठी. ती भाडेकरूची असते, करार संपला की परत द्यायची असते. तोवर ती या खात्यात राहून व्याज वाचवते आणि चावी हातात आली की लगेच परत करता येते. घर रिकामे राहिले की खात्यात भरलेली माझी स्वतःची जादा रक्कम हप्ता सांभाळते. वरच्याच कर्जाचा वीस वर्षांचा हप्ता सुमारे ३४,७०० रुपये होतो, म्हणजे २० हजार भाडे येत असतानाही दरमहा १४,७०० रुपये पदरचे घालावे लागतात. त्यात देखभाल खर्च, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतचे बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते), मालमत्ता कर आणि दर नव्या लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी हे वेगळेच. खरेदीच्या वेळी बिल्डरच्या कार्यालयात हे आकडे कोणी मांडून दाखवत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

माझ्या बँकेबद्दल तक्रार आहे ती खातेउताऱ्याची. मर्यादा, उपलब्ध शिल्लक आणि थकीत मुद्दल यांचा मेळ त्यावरून सहज लागत नाही, आणि व्याजाचा वार्षिक दाखला शाखेत मागून घ्यावा लागतो. भाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के सरसकट वजावटीखेरीज व्याजाची वजावट मिळते, त्यामुळे तो दाखला अत्यावश्यक आहे. शिवाय जादा भरलेली रक्कम मुद्दलाची परतफेड मानली जात नाही, म्हणून जुन्या करप्रणालीत तिच्यावर वजावट मिळत नाही. काढता येणारी मर्यादा हप्त्यागणिक किती घटत जाते, हे कर्ज घेण्यापूर्वी शाखेकडून लेखी घ्यावे.