कुंडीतल्या भाज्यांसाठी ‘ऑरगॅनिक’ कीड नियंत्रण किट: बाटली पाहून नाही, लेबल वाचून घ्या

नर्सरीत आणि ऑनलाइन हल्ली नवशिक्यांसाठी एक तयार किट मिळतं. नीम तेलाची बाटली, हाताचा स्प्रे, पिवळ्या चिकट कार्डांचं पाकीट आणि सोबत दशपर्णी अर्काची (दहा झाडांच्या पाल्यापासून केलेल्या अर्काची) बाटली किंवा कसली तरी पांढरी पावडर. कंपन्या वेगवेगळ्या असल्या तरी आतला माल बहुतेक हाच. गच्चीवर किंवा बाल्कनीत दहा-बारा कुंड्या असतील तर यातल्या दोनच वस्तूंना पैसे मोजावेत असं आमचं मत आहे: नीम आणि चिकट कार्डं. तीही निवडून.

आधी नीम. बाटलीच्या पुढच्या बाजूला ‘१००% शुद्ध’ लिहिलेलं असतं, त्यावरून काहीच ठरत नाही. मागे अ‍ॅझाडिरॅक्टिन (नीममधला कीड रोखणारा मुख्य घटक) किती पीपीएम, म्हणजे दहा लाखात किती भाग, ते बघा. बाजारात ३००, १५००, ३००० आणि १०,००० पीपीएम मिळतं. ३०० पीपीएमचं तेल प्रामुख्याने तेल म्हणूनच काम करतं, म्हणजे मावा, पिठ्या ढेकूण यांच्या अंगावर पसरून त्यांना गुदमरवतं. अळी आणि पांढऱ्या माशीच्या पिल्लांसाठी १५०० किंवा १०,००० घ्यावं. १५०० पीपीएम लिटरला ५ मिली आणि १०,००० पीपीएम लिटरला २ मिली हे प्रमाण साधारण चालतं. लेबलवर वेगळं असेल तर लेबलचं ऐका. बारा कुंड्यांना एका फवारणीला लिटरभर पाणी पुरतं, म्हणजे १०० मिलीची १५०० पीपीएमची बाटली वीस फवारण्या जाते. दिसायला महाग वाटणारी १०,०००ची बाटली हिशेबाला बऱ्याचदा स्वस्त पडते.

लेबलवर नोंदणी क्रमांक, बॅच, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख आणि हिरवा त्रिकोण (औषध कमी विषारी असल्याची खूण) नसेल तर बाटली परत ठेवा. पाण्यात मिसळून विकली जाणारी ‘रेडी टू यूज’ बाटलीही सोडा. अ‍ॅझाडिरॅक्टिन पाण्यात फार टिकत नाही, त्यामुळे तिथे आपण मुख्यतः पाण्याचे पैसे देतो. आणि एखाद्या ‘जैविक’ औषधाने तासाभरात सगळ्या अळ्या उताण्या पडल्या तर खूश होऊ नका, त्यात रासायनिक औषध मिसळल्याची शंका घ्या. नीमने अळीचं खाणं मंदावतं आणि कात टाकणं बिघडतं. परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात. नवशिके दुसऱ्याच दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून मात्रा दुप्पट करतात आणि पानं करपवून बसतात.

ईसी (लेबलवर EC, म्हणजे पाण्यात मिसळेल असं बनवलेलं) प्रकारचं औषध पाण्यात टाकताच दुधासारखं होतं, त्यात साबण लागत नाही. घाण्याचं कच्चं तेल असेल तर आधी ५ मिली तेलात २ मिली पातळ साबण घोटा, मग कपभर कोमट पाणी घालून पांढरं होईपर्यंत हलवा आणि शेवटी लिटरभर करा. उलट क्रमाने केलं तर तेल वर तरंगतं. पहिल्या कुंडीला नुसतं पाणी जातं आणि शेवटच्या कुंडीला सगळं तेल. कपड्यांची पावडर नको, तिने पानांच्या कडा जळतात. बोअरच्या जड पाण्यात साबण फाटतो, तेव्हा पिण्याचं पाणी वापरा. थंडीत तेल गोठलं तर बाटली कोमट पाण्यात ठेवा, उकळू नका. केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा.

फवारणी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. मधमाश्या परतलेल्या असतात आणि औषध उन्हाने लगेच निकामी होत नाही. पानाची खालची बाजू भिजली पाहिजे. मावा, पांढरी माशी, लाल कोळी सगळे तिथेच असतात. किटमधला स्प्रे इथे नापास होतो, कारण तो उलटा धरला की हवाच मारतो. हवा भरायचा एक-दोन लिटरचा पंप वेगळा घ्या आणि वापरल्यावर साबणाच्या पाण्याने धुवा, नाहीतर तेलाने नोझल चोंदतं. कीड लागलेली असेल तर सात दिवसांच्या अंतराने तीन फवारण्या कराव्यात, कारण एका फवारणीत अंडी मरत नाहीत.

पिवळी कार्डं चांगली. झाडाच्या शेंड्याच्या जरा वर टांगली की पांढरी माशी, तुडतुडे, पंख फुटलेला मावा त्यांवर चिकटतात. मिरचीवरच्या फुलकिड्यांसाठी निळं कार्ड हवं, ते किटमध्ये सहसा नसतं. कार्डाने कीड संपत नाही, आली आहे हे कळतं. त्यावर मित्रकीटकही अडकतात, म्हणून काकडी-दोडक्याला फुलं आली की कार्डं काढून ठेवावीत.

दशपर्णीच्या विकतच्या बाटलीत नेमकं काय आणि किती जुनं आहे हे कळायला मार्ग नाही, वर वासाने शेजारी तक्रार करतील ते वेगळंच. पांढरी पावडर व्हर्टिसिलियम या कीड मारणाऱ्या बुरशीची असेल (लिटरला ५ ग्रॅम) तर पावसाळ्यात दमट हवेत मावा आणि पांढऱ्या माशीवर ती छान चालते. एप्रिलच्या कोरड्या उन्हात फुकट जाते, आणि बुरशीनाशकासोबत मिसळली तर हमखास मरते.

तीन गोष्टी मात्र या किटच्या आवाक्यात नाहीत. भेंडीवर केवडा (पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा रोग) पडला की झाड उपटायचं, कारण तो विषाणू आहे आणि फवारून जात नाही. वांग्याचा शेंडा मान टाकून लोंबला तर आत अळी शिरलेली असते, तिथे औषध पोहोचत नाही. छिद्राच्या बोटभर खालून शेंडा कापून नष्ट करा. आणि काकडी, कारली, दोडक्याच्या फळमाशीसाठी वेगळा सापळा घ्यावा लागतो. तो घेताना आतली माशीला वासाने ओढणारी गोळी क्यू-ल्यूरची आहे ना ते विचारा. आंबा-पेरूसाठीची मिथाइल युजेनॉलची गोळी दिसायला तशीच असते आणि दुकानदार बिनदिक्कत तीच हातात ठेवतात. कारल्यावरची माशी तिच्याकडे फिरकत नाही.