ब्राझीलच्या डायलिसिस सेंटरमध्ये ‘भागीदारी’: पैसे गेलेल्या फायलीत काय असतं

ब्राझीलच्या डायलिसिस सेंटरमध्ये हिस्सा मिळेल म्हणून इथल्या दलालाला पैसे दिले आणि ते बुडाले, अशा माणसाची फाइल उघडली की वर चकचकीत पुस्तिका असते आणि तळाला बँकेची पावती. मधे पोर्तुगीज भाषेतला आठ-दहा पानांचा करार असतो. त्यावर सही झालेली असते, पण तो कुणी वाचलेला नसतो.

पुस्तिकेत लिहिलेलं बहुतेक सगळं खरं असतं, आणि माणसं तिथेच अडकतात. ब्राझीलच्या १९८८ च्या संविधानाने आरोग्य हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आणि त्यातून ‘सुस’ ही सरकारी, मोफत आरोग्यव्यवस्था उभी राहिली, हे खरं. २०२२ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या २० कोटींच्या वर भरली आणि त्यातल्या पाच कोटींहून जास्त लोकांकडे खासगी आरोग्य योजना आहे, हेही खरं. जानेवारी २०१५ च्या कायद्याने तिथल्या रुग्णालयांत परदेशी भांडवल थेट घालायला वाट मोकळी झाली. मार्च २०२४ मध्ये फ्रेसेनियसने ब्राझील, कोलंबिया, चिली आणि इक्वाडोरमधली आपली डायलिसिस सेंटर्स दाविता कंपनीला सुमारे ३० कोटी डॉलरना विकायचं जाहीर केलं. घरातला शिकलेला मुलगा हे सगळं नेटवर शोधतो, प्रत्येक गोष्ट जुळते, आणि बाबांना सांगतो की काही हरकत नाही. त्याने देश तपासलेला असतो. ज्या कंपनीला पैसे जाणार आहेत ती तपासायची राहून जाते.

देकार साधारण असा असतो: २५ लाखांचं एक ‘युनिट’, डॉलरमध्ये वर्षाला १८ टक्के परतावा, दर महिन्याला हप्ता, तीन वर्षांनी कंपनी युनिट परत विकत घेणार. दरमहा दीड टक्का, म्हणजे ३७,५०० रुपये. पहिले चार महिने ते वेळेवर येतातही. पण चार महिन्यांचे होतात दीड लाख, आणि ते तुमच्याच २५ लाखांतून दिलेले असतात. तेवढ्या खर्चात तुमचा मेहुणा, तुमच्या ऑफिसातला मित्र आणि सोसायटीतले दोघे आत येतात. पाचव्या महिन्यात ‘अन्विसाचं लायसन्स नूतनीकरण’ निघतं आणि प्रत्येक युनिटमागे लाखभर रुपये आणखी मागितले जातात.

अन्विसा ही ब्राझीलची औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, १९९९ सालची. तिची फी ‘जीआरयू’ नावाच्या सरकारी चलानाने (भरणा पावतीने) भरतात आणि ते चलान कंपनीच्या नावाने निघतं. अन्विसाच्या फीसाठी ठाण्याच्या किंवा पुण्याच्या कुणाच्या चालू खात्यात पैसे टाकायला सांगितले, तर तिथेच थांबावं.

आता डॉलरमधल्या १८ टक्क्यांबद्दल. जून २०२५ मध्ये ब्राझीलच्या मध्यवर्ती बँकेचा सेलिक व्याजदर १५ टक्क्यांवर गेला. हा आकडा दाखवून ‘तिथे सगळेच एवढं देतात’ असं पटवलं जातं. पण ते व्याज रेआलमध्ये, म्हणजे ब्राझीलच्या चलनात आहे. २०११ च्या मध्याला एका डॉलरला दीड-पावणेदोन रेआल पडत होते, डिसेंबर २०२४ मध्ये सहाच्या वर. डायलिसिस सेंटरची कमाई रेआलमध्ये, आणि मशीनचे सुटे भाग, डायलायझर, नळ्या यांचा बराचसा खर्च डॉलरला बांधलेला. सुसच्या रुग्णामागे मिळणारा दर सरकार ठरवतं, तो ‘सिगताप’ नावाच्या उघड तक्त्यात छापलेला असतो आणि सेंटरला तो वाढवता येत नाही. पैसा केंद्राच्या निधीतून राज्याच्या किंवा नगरपालिकेच्या निधीत आणि तिथून सेंटरला, अशा टप्प्यांनी येतो. खासगी योजना बिलातले काही भाग कापतात, त्याला तिकडे ‘ग्लोझा’ म्हणतात, आणि तो वाद मिटायला वेळ जातो. अशा धंद्यातून कुणी अनोळखी माणसाला डॉलरमध्ये ठरलेला परतावा महिन्याच्या महिन्याला देऊ शकत नाही. प्रामाणिक मालक तसं वचनच देणार नाही.

पुस्तिकेतले आकडे कागद-पेन्सिलने तपासता येतात. एका रुग्णाला आठवड्यातून तीनदा, साधारण चार तास मशीनवर राहावं लागतं. दिवसाच्या तीन पाळ्या धरल्या आणि सोम-बुध-शुक्र, मंगळ-गुरू-शनी असे दोन गट केले, तर एका मशीनवर जास्तीत जास्त सहा रुग्ण बसतात. वीस मशीनचं सेंटर म्हणजे १२० रुग्ण, महिन्याला सुमारे १,५६० सत्रं. तेसुद्धा एकही मशीन बंद नाही असं धरून, आणि तसं कधी होत नाही. मिनिटाला ५०० मिली द्रव फिरतो, म्हणजे चार तासांत एका सत्राला १२० लिटर. तेवढं अतिशुद्ध पाणी बनवताना त्याहून बरंच जास्त पाणी आत घ्यावं लागतं, त्यासाठी वेगळं संयंत्र आणि त्याच्या नियमित चाचण्या लागतात. पुस्तिकेत ‘२० मशीन, ४०० रुग्ण’ असं छापलेलं असेल आणि खर्चात पाण्याची एक ओळही नसेल, तर ती लिहिणारा डायलिसिस सेंटरमध्ये कधी उभासुद्धा राहिलेला नाही.

फाइलमधला सगळ्यात बोलका कागद एकपानी असतो: कंपनीचा सीएनपीजे दाखला. सीएनपीजे हा ब्राझीलमधल्या प्रत्येक कंपनीचा १४ अंकी नोंदणी क्रमांक. तो रेसेइता फेदेराल, म्हणजे तिथल्या कर खात्याच्या संकेतस्थळावर टाकला की दाखला फुकट निघतो, लॉगिन लागत नाही. दलालाने दिलेली छापील प्रत बाजूला ठेवा आणि स्वतः नवा दाखला काढा. तिरप्या रेघेनंतरचे चार अंक पाहा; ०००१ म्हणजे सहसा मुख्य कार्यालय, ०००२ पासून पुढे शाखा. ‘चौदा शहरांत सेंटर्स’ म्हणणाऱ्या कंपनीची एकही शाखा नोंदलेली नसेल, तर ती सेंटर्स कुणाची? मग स्थापनेची तारीख. पुस्तिकेत २०१२ आणि दाखल्यावर आठ महिन्यांपूर्वीची तारीख, हे नेहमीचंच. मग व्यवसायाचा कोड. डायलिसिसचा कोड ८६४०-२/०३ आहे. त्याजागी ७०२०-४/०० दिसला तर ती व्यवसाय सल्ला देणारी कंपनी आहे, रुग्ण तपासणारी नव्हे. शेवटी स्थिती: ‘आतीवा’ म्हणजे चालू. ‘सुस्पेन्सा’, ‘इनाप्ता’ किंवा ‘बायशादा’ दिसलं तर पुढे वाचायची गरज नाही. बायशादा म्हणजे नोंद बंद झालेली. त्याच पानावरून भागीदार आणि व्यवस्थापकांची यादी उघडते, भांडवलाचा आकडाही दिसतो. लाखो डॉलरची साखळी आणि नोंदलेलं भांडवल दहा हजार रेआल, हे एकाच पानावर वाचायला मिळतं.

दुसरी नोंद सीएनईएस. ब्राझीलमधलं प्रत्येक रुग्णालय, क्लिनिक, प्रयोगशाळा, डायलिसिस सेंटर या राष्ट्रीय यादीत असतं. प्रत्येकाला सात अंकी क्रमांक असतो आणि यादी सगळ्यांना खुली आहे. तिथे पत्ता, काम करणारे डॉक्टर, सुससाठी काम होतं की नाही, आणि कोणती उपकरणं किती आहेत हे दिसतं. फोटोतल्या इमारतीचं नाव टाकलं की बऱ्याचदा असं निघतं की सेंटर खरंच आहे, चालू आहे, पण भलत्याच कंपनीच्या मालकीचं. त्या मालकाला आपल्या इमारतीचे ‘युनिट’ डोंबिवलीत विकले जाताहेत याचा पत्ताही नसतो.

कधी ‘सांता काझा’त हिस्सा देऊ करतात. ही जुनी धर्मादाय रुग्णालयं, ना-नफा संस्था. त्यांना भागधारक नसतात आणि त्यांचा नफा कुणाला वाटता येत नाही. तिथे विकायला हिस्साच नसतो.

आता मधला करार. गोव्यात पोर्तुगीज वाचणारी माणसं अजून आहेत. सहीच्या आधी एकदा त्यांच्याकडून वाचून घेतला असता तर बरीच घरं वाचली असती. अशा करारात दोन शब्द शोधा: ‘सोसिओ ओस्तेंसिवो’ आणि ‘सोसिओ पार्तिसिपांते’. ते दिसले तर तो करार एससीपी नावाच्या प्रकारचा आहे. हा प्रकार बेकायदा नाही, ब्राझीलच्या नागरी संहितेत कलम ९९१ पासून त्याचे नियम आहेत. पण त्यात जगासमोर फक्त पहिला भागीदार असतो: बँक खातं त्याचं, मालमत्ता त्याच्या नावावर, देणी-घेणी त्याचीच. दुसरा, म्हणजे तुम्ही, मागे राहता. तुमचं नाव व्यापारी नोंदणी कार्यालयात, म्हणजे जुंता कोमेर्सियालमध्ये, चढत नाही. पहिला भागीदार दिवाळखोर झाला तर तुमचा हिशेब विनातारण येणं असलेल्यांच्या रांगेत जातो, आणि त्या रांगेच्या पुढे कामगार, कर आणि तारण घेतलेल्या बँका उभ्या असतात. ‘भागीदारी’ हा शब्द करारात खरा असतो, पण आपल्याकडे भागीदार म्हटल्यावर जे समजतात ते त्यात नसतं. शिवाय असे करार जनतेला विकायचे तर तिथल्या शेअर बाजार नियामकाची, सीव्हीएमची, नोंदणी किंवा सूट लागते. विनापरवाना विक्रीबद्दल सीव्हीएम नावानिशी इशारे काढते, तेही उघडून वाचता येतात.

खऱ्या भागीदारीची ओळख सोपी आहे. लिमितादा कंपनीत हिस्सा घेणाऱ्या परदेशी माणसाला ब्राझीलचा सीपीएफ कर क्रमांक लागतो, आणि त्याच्या वतीने नोटिसा घेणारा, तिथे राहणारा मुखत्यार लागतो. मग त्याचं नाव ‘कोंत्रातो सोसियाल’मध्ये, म्हणजे कंपनीच्या मूळ करारात, घातलं जातं आणि तो दुरुस्त दस्त जुंता कोमेर्सियालमध्ये नोंदवला जातो. तुमच्याकडे कुणी कधी सीपीएफ मागितलाच नसेल, तर तुम्ही त्या कंपनीचे भागीदार झालेला नाही, हातात कितीही सुंदर प्रमाणपत्र असो.

प्रमाणपत्रावरच्या अपोस्टिलबद्दलही सांगायला हवं, कारण त्या शिक्क्यावर विश्वास ठेवून खूप जण फसले आहेत. भारत हेगच्या अपोस्टिल करारात २००५ पासून आहे, ब्राझील २०१६ पासून. अपोस्टिल एवढंच सांगतं की कागदावर सही किंवा शिक्का करणारा नोटरी किंवा अधिकारी खरा आहे. आतला मजकूर खरा असल्याची हमी त्यात नसते. खोटं प्रतिज्ञापत्र खऱ्या नोटरीसमोर केलं, तरी अपोस्टिल रीतसर मिळतं.

इकडच्या बाजूने पैसा कुठल्या वाटेने गेला, यावरून बरंच कळतं. निवासी भारतीयाला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली (एलआरएस) आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात. गुंतवणुकीसाठी पाठवताना, एप्रिल २०२५ पासून, दहा लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. २५ लाख गेले असतील तर १५ लाखांवर तीन लाख कापले जायला हवेत, आणि ते तुमच्या प्राप्तिकराच्या खात्यात दिसायला हवेत. ते दिसत नसतील तर तुमचा पैसा गुंतवणूक म्हणून देशाबाहेर गेलेलाच नाही. सूचिबद्ध नसलेल्या परदेशी कंपनीचे भाग घेणं हे २०२२ च्या नियमांनुसार थेट परदेशी गुंतवणुकीत मोडतं: आधी बँकेत फॉर्म एफसी आणि रिझर्व्ह बँकेचा यूआयएन क्रमांक, आणि पैसे पाठवल्यापासून सहा महिन्यांत भाग मिळाल्याचा पुरावा. दलाल म्हणतो, ‘एवढी कटकट कशाला, ए-टू फॉर्मवर (परदेशी पैसे पाठवायच्या अर्जावर) भेट लिहा’, किंवा ‘यूएसडीटीमध्ये (क्रिप्टोत) करू, टीसीएस वाचेल’. या खोट्या घोषणेचा त्याला पुढे उपयोग होतो. पैसे बुडाल्यावर माणूस पोलिसांत जायला घाबरतो, कारण फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, फॉर्मवर सही त्याची स्वतःची असते. तरीही जावं. ही चूक सीएला आधी दाखवून, लपवून न ठेवता जावं.

रुपयांत इथल्याच खात्यावर पैसे घेतले असतील तर ही भारतातली ठेव योजना ठरू शकते. अशा वेळी अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणारा २०१९ चा कायदा आणि महाराष्ट्राचा ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा एमपीआयडी कायदा, दोन्ही कामाला येऊ शकतात. एमपीआयडीखाली चालकांची मालमत्ता जप्त होऊ शकते, म्हणून आर्थिक गुन्हे शाखेत एकट्याने न जाता सगळ्यांनी एकत्र, रकमांच्या तक्त्यासह जावं. रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवरही तक्रार नोंदवावी.

पैसे पाठवून काही तासच झाले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. रक्कम परदेशी गेली असेल तर त्याच दिवशी बँकेत जाऊन स्विफ्टच्या पेमेंट संदेशाची प्रत (नोव्हेंबर २०२५ पर्यंत त्याला एमटी१०३ म्हणत) मागा आणि रक्कम परत मागवण्याचा लेखी अर्ज द्या. त्या प्रतीवर पैसा नेमका कुठल्या बँकेतल्या कुठल्या खात्यात उतरला ते असतं. बऱ्याच फायलींत ते खातं ब्राझीलमधलं नसतंच. व्हॉट्सअॅपवरचं बोलणं पुसू नका, निर्यात करून ठेवा. हप्त्यापोटी आलेले पैसे कुठल्या खात्यातून आले तेही काढून ठेवा, कारण चालकांची इथली खाती बहुतेकदा तिथूनच सापडतात.

काही महिन्यांनी आणखी एक फोन येतो. साओ पाउलोतल्या वकिलाच्या कार्यालयातून बोलतोय, तुमची रक्कम न्यायालयाने गोठवली आहे, सोडवण्यासाठी दोन टक्के आगाऊ भरा. त्याला तुमचं नाव, युनिट क्रमांक आणि रक्कम रुपयापर्यंत माहीत असते, कारण यादी पहिल्यांनीच विकलेली असते किंवा फोन त्यांचाच असतो. त्याला खटल्याचा क्रमांक विचारा. ब्राझीलमध्ये तो वीस अंकी असतो आणि गोपनीय ठरवलेला नसेल तर न्यायालयाच्या संकेतस्थळावर उघडतो. तो क्रमांक सहसा येत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन येतो आणि दोन टक्क्यांचा एक टक्का झालेला असतो.