ब्रिटिश सोमालीलँड आणि इटालियन सोमालिया: दोन राजवटी, एक घाईची जोडणी

आफ्रिकेच्या पूर्व टोकावरच्या सोमाली मुलखात उत्तर भाग ब्रिटिशांकडे, दक्षिण इटालियनांकडे. ब्रिटिशांना उत्तरेकडून हवं होतं ते समुद्रापलीकडच्या एडन बंदरातल्या आपल्या लष्करी छावणीसाठी मटण. बर्बेरा बंदरातून शेळ्यामेंढ्या वेळेवर रवाना झाल्या की काम भागलं. आतल्या मुलखातले तंटे बहुतेक कुळांची वडीलधारी माणसंच मिटवत. एडन तेव्हा मुंबई इलाख्याच्या अखत्यारीत, म्हणून बर्बेऱ्याच्या बाजारात चाले तो आपलाच रुपया.

इटालियनांना दक्षिणेत जमीन हवी होती. शबेले आणि जुबा नद्यांच्या काठी केळी, कापूस, ऊस. मळ्यांवर सक्तीची मजुरी.

खरी गोम १९६० च्या विलीनीकरणात आहे. उत्तर भाग २६ जूनला स्वतंत्र झाला आणि १ जुलैला दक्षिणेत विलीन झाला, तेही दोन्हीकडच्या विधिमंडळांपुढचे करारमसुदे वेगवेगळे असताना! नव्या संसदेतल्या १२३ जागांपैकी उत्तरेला ३३. राजधानी मोगादिशू, राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान सगळं दक्षिणेकडे. उत्तरेतल्या हर्गेसाच्या कचेरीतली फाइल इंग्रजीत, मोगादिशूची इटालियनमध्ये. सोमाली भाषेला अधिकृत लिपी मिळाली ती थेट १९७२ मध्ये. सत्तेची ही वाटणी म्हणजे उत्तरेवर उघड अन्याय होता. १९९१ मध्ये सोमालियापासून वेगळं होताना उत्तरेने, म्हणजे सोमालीलँडने, जुनी ब्रिटिश सीमाच आपली म्हणून पुढे केली.